सासूच्या नावाची अँटीबॉडी

स्वीडनमधल्या उप्सालात सिगब्रित टोर्नक्विस्टला ओळखत नाही असा माणूस अँटीबॉडीच्या धंद्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर सिगब्रित स्वतःच जाऊन त्याला आपली ओळख करून देई. अँटीबॉडी म्हणजे रक्तातला असा शिपाई, की ज्याला जन्मात एकच चेहरा पाठ असतो. तो दिसला की जाऊन चिकटायचं, बाकी कुणाकडे ढुंकून बघायचं नाही. असले शिपाई उंदरांकडून करवून घ्यायचे, बाटल्यांत भरायचे आणि जगभरच्या प्रयोगशाळांना वाटायचे, हा सिगब्रितचा संसार. नवरा होता, मुलगे होते, पण ते आपले सणासुदीला.

तिच्या या सगळ्या फौजेत लाडकी एकच. आतड्याच्या पेशींवर एक नवंच प्रथिन असतं आणि ते हिलाच सापडतं, असा तिचा लौकिक. एकदा चिकटली की कितीही धुवा, सुटत नाही, म्हणून सिगब्रितनं तिला आपल्या सासूचं नाव दिलं होतं, गुनवोर. सासू तेव्हा हयात होती. सुनेनं आपलं नाव शास्त्रात अमर केलं एवढंच तिच्या कानावर आलं, आणि म्हातारीनं शेजारणींना कॉफीला बोलावलं. नाव कशावरून दिलं ते कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. शहाण्या सासवा विचारत नाहीत.

गुनवोर कोपनहेगनला गेली, उत्रेख्तला गेली, पार लिस्बनपर्यंत गेली. जिथं जाई तिथून कौतुक येई, झकास चिकटते म्हणून. या लोकांचं आहेरासारखं असतं. तुमची अँटीबॉडी मी वापरली की माझ्या लेखात तुमचे आभार, माझी तुम्ही वापरलीत की तुमच्या लेखात माझे. आहेराचं पातळ कुणी उलगडून बघत बसत नाही.

सिगब्रितची शेवटची विद्यार्थिनी तीरा लिंडरूस. हिला डॉक्टर केलं की सिगब्रित निवृत्त. तीरा कमी बोलणारी, उत्तरेकडची. तिकडची माणसं थंडीनं तोंड उघडत नाहीत आणि मग तीच सवय लागते. तिच्या प्रबंधाचं शेवटचं आणि सगळ्यात भारदस्त प्रकरण गुनवोरवरच होतं. प्रबंध छापून झाला. तिथल्या रीतीप्रमाणे विद्यापीठाच्या लाकडी फळीवर तो खिळा मारून टांगलाही, म्हणजे आल्यागेल्यानं वाचावा आणि हरकत असेल तर परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर घ्यावी. तीरानं हातोडी मारली, सिगब्रितनं खिळा धरला. दोघींची बोटं शाबूत राहिली, हा शुभशकुन मानून सगळ्यांनी केक खाल्ला.

परीक्षा पुढच्या शुक्रवारी. आणि इथं घोडं पेंड खायला लागलं.

पेशी बाटलीत वाढवायच्या तर त्यांना वासराच्या रक्ताची निवळ पाजावी लागते. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, तेच. ती मागवायचं काम प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडे, विदारकडे. विदार पन्नाशीचा, कामाला चोख, फक्त विसरायचा.

"विदार, निवळ कुठाय?" कॉफीच्या वेळी तीरानं विचारलं.

"येतेय."

"मागच्या सोमवारीही येतच होती."

"न्यूझीलंडचं वासरू आहे, बाई. एवढ्या लांबून चालत यायचं म्हणजे वेळ लागतो." आणि त्यानं वेलदोडा घातलेल्या बनपावाचा दुसरा तुकडा तोडला.

तीराला परीक्षेत दाखवायला एक सुबक चित्र हवं होतं. कपाटात निवळीवाचूनचं खाद्य होतं, साखर-क्षाराचं, उपासाला चालेल असं. तिनं पेशी त्याच्यावर वाढवल्या. मग चमकता हिरवा रंग लावलेली गुनवोर घातली, धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी पेशीच्या कडेनं हिरवा उजेड असा दिसायचा की जणू नवरीच्या हातातला चुडा. आज काळोख.

ती सिगब्रितच्या खोलीत गेली.

"हात धुतले होतेस?" सिगब्रितनं मान वर न करता विचारलं.

"धुतले होते."

"एकदा दिसलं नाही म्हणजे नाही, असं होत नाही."

"पुन्हा केलं. तसंच."

"विदारकडून करून घे. तुझा हात जड आहे."

"पुन्हा केलं ते विदारनंच."

आता सिगब्रितनं मान वर केली. "त्याचा तुझ्याहून जड आहे."

तीरा उभीच राहिली. "सिगब्रित, मला वाटतं, आपण उंदराला पेशी टोचल्या तेव्हा पेशींच्या अंगाला ती निवळ लागलेली होती. उंदरानं पेशी सोडल्या आणि निवळच ओळखून ठेवली. गुनवोर आतड्याला चिकटत नाही. ती वासराला चिकटते."

वासरू हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

"मी शुद्धिपत्रात घालते," तीरा म्हणाली. परीक्षेच्या सुरुवातीला उमेदवारानं उभं राहून आपल्या प्रबंधातल्या चुका स्वतः वाचून दाखवायच्या, अशी रीत आहे.

"शुद्धिपत्र स्वल्पविरामासाठी असतं. अख्खं प्रकरण पाडायला नसतं. ठोकलंय ना फळीवर? ठोकलं ते ठोकलं. आधी पदवी पदरात पडू दे, मग आपण दोघी निवांत बघू."

"आणि प्रेबेनला कळलं तर?"

"प्रेबेन स्वतः गुनवोरवर लेख छापून बसलाय. त्याला कळायचं असतं तर पुष्कळ वर्षांपूर्वी कळलं असतं."

हे मात्र खरं होतं. प्रेबेन स्कोगोर हा कोपनहेगनचा प्राध्यापक, आणि तोच तीराचा परीक्षक. पण सिगब्रितनं हे पोरीच्या पदवीच्या काळजीनं सांगितलं की आपल्या नावाच्या, ते तिचं तिला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाण्या माणसालाही पटतं. मूठ त्याची स्वतःची असली म्हणजे जरा जास्तच पटतं.

गुरुवारी दुपारी सिगब्रित प्रयोगशाळेत आली आणि अंगात पांढरा डगला घालू लागली. बटणं लागेनात. कित्येक वर्षांत ती या टेबलाशी उभी राहिली नव्हती, फक्त मागून बघून जायची.

"तू?" विदार म्हणाला. "काय झालं? कुठं आग लागली?"

"अजून नाही. तू इथंच बडबडत राहिलास तर लागेल."

विदार गेला. तीराच्या उरलेल्या पेशी होत्या, त्यांच्यावर सिगब्रितनं गुनवोर घातली. काळोख. हात मात्र जड नव्हता, एक थेंबही सांडला नव्हता, तिनं दोनदा बघितलं. मग तिनं निवळीची रिकामी बाटली तिरपी केली, तळाचा एक थेंब नुसत्या काचेवर सुकवला आणि त्याच्यावर गुनवोर सोडली. काचेवर पेशी नव्हती, आतडं नव्हतं, काही नव्हतं. आणि ती काच श्रावणातल्या कुरणासारखी हिरवीगार झाली.

सिगब्रित स्टुलावर बसली. इस्पितळातून आलेल्या खऱ्या आतड्यावर गुनवोर कधीच धड चमकली नव्हती, ते तिला आता आठवलं. तेव्हा दोष काप घेणाऱ्या पात्याला दिला होता, मग इस्पितळाला, आणि उत्रेख्तहून तशीच कुरकुर आली तेव्हा तिथल्या पाण्याला. नाचता येईना अंगण वाकडं. आणि जगभरच्या ज्या ज्या लोकांनी झकास म्हणून कळवलं होतं, त्या सगळ्यांच्या बाटल्यांत तीच निवळ होती. सगळ्यांनी आपापलं वासरू बघितलं आणि एकमेकांची पाठ थोपटली.

घरी जाऊन तिनं बटाटे उकडले, हेरिंग मासा काढला आणि नवऱ्याशी अवाक्षर बोलली नाही. त्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

शुक्रवारी प्रेबेन सभागृहाच्या दारातच भेटला. उंच, हसरा, गळ्यात पिवळा मफलर.

"निवृत्त होतेस म्हणे. तुझ्या नवऱ्याला कळवलंय का कुणी? बिचाऱ्याला तयारीला वेळ तरी मिळायला हवा."

"तोंडातला बटाटा गीळ आधी, मग बोल. तुम्हा डेन्मार्कवाल्यांचं अर्धं बोलणं कळत नाही."

"कळत नाही म्हणून तर आपली मैत्री टिकली, सिगब्रित."

आत सगळे बसले. तीरानं उभं राहून शुद्धिपत्र वाचलं. एके ठिकाणी स्वल्पविराम नको, एके ठिकाणी चित्र उलटं छापलंय. मग ती थांबली. तिनं एकदा सिगब्रितकडे बघितलं आणि कागदाची घडी घातली. पहिल्याच रांगेत बसलेल्या सिगब्रितला कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावरचं लिहिणं दिसलं. पोरीनं सगळं लिहून आणलं होतं, आणि हिच्या शब्दाखातर वाचलं नव्हतं.

प्रेबेननं प्रश्न विचारले. छान विचारले, मायेनं विचारले. गुनवोरवर आला तेव्हा तर त्याला भरूनच आलं. "आमच्या धंद्यात अशी अँटीबॉडी म्हणजे पिढीत एकदा होते," तो म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. तीरा आभार मानताना कोपऱ्यातल्या खुर्चीशी बोलत होती.

शेवटी अध्यक्षांनी, सभेतून कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं. इथं कुणी काही विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या कॉफीकडे असतं. आणि गुरूनं तर विचारायचंच नसतं. मुलीच्या लग्नात आईनं अक्षता टाकायच्या, हरकत घ्यायची नसते.

सिगब्रितच्या मनात तेव्हा दोनच गोष्टी होत्या. एक, ही पोर आपली चूक जन्मभर आपल्या पदवीखाली घेऊन फिरणार. दुसरी, आज ना उद्या कुणीतरी शहाणा ही चूक काढणार आणि म्हणणार, सिगब्रितला दिसलं नाही. कुठल्या गोष्टीनं तिला उठवलं ते सांगता यायचं नाही. माया आणि गर्व पुष्कळदा एकाच भांड्यात शिजतात.

ती उठली.

"तीरा, ज्या पेशींना वासराची निवळ कधी मिळालीच नाही, त्यांच्यावर गुनवोर चिकटते का?"

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. तीरानं तिच्याकडे बघितलं, घडी घातलेल्या कागदाकडे बघितलं.

"नाही."

"मग ती कशाला चिकटते?"

"वासराला," तीरा म्हणाली. "माझ्याजवळ चित्रं आहेत."

"मग दाखव की. आणि हे एक माझं घे, काल काढलंय."

तीरानं चित्रं लावली. नुसत्या काचेवरचा तो हिरवा थेंब पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्याच्या घरच्या बाटल्या त्याला आठवल्या असाव्यात. प्रेबेननं मफलर सोडून गुडघ्यावर ठेवला. मग अध्यक्षांकडे बघून त्यानं पुन्हा बोलायची परवानगी मागितली, आणि या खेपेला माया बाजूला ठेवून विचारलं. निवळीतलं नेमकं काय? दुसऱ्या प्राण्याच्या निवळीनं होतं का? बाकीची प्रकरणं कशावर उभी? तीरानं एकेकाचं उत्तर दिलं. जिथं ठाऊक नव्हतं तिथं ठाऊक नाही म्हणाली, पण आता ती कोपऱ्यातल्या खुर्चीशी बोलत नव्हती. शेवटचं प्रकरण आडवं पडलं. बाकीची उभी राहिली. परीक्षा समितीनं दार लावून बराच वेळ घोळ घातला आणि तिला डॉक्टर केलं.

बाहेर कॉफीपाशी प्रेबेन सिगब्रितला गाठून म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मी तेवढं कौतुक तरी केलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. इतक्या वर्षांत तू माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतंस."

"आता माझ्या लेखांचं काय करू?"

"जे मी माझ्यांचं करणार तेच, मागं घे. माझे तुझ्याहून जास्त आहेत, उगाच पुढं पुढं करू नको."

तो गेल्यावर तीरा आली. हातात फुलं, डोळे लाल.

"उभी राहणार होतीस तर मला सकाळी का नाही सांगितलंस?"

"सकाळी मलाच ठाऊक नव्हतं," सिगब्रित म्हणाली. तिनं पोरीच्या हातातली फुलं घेतली, कारण ती वाकडी धरली होती, आणि नीट करून परत दिली. "सोमवारी सकाळी लवकर ये. सगळ्यांना कळवायचंय. पहिलं उत्रेख्तला. तिथला माणूस हुशार आहे आणि त्याला तसं वाटतंही. त्याच्या ध्यानात यायच्या आत माझं पत्र पोचलं पाहिजे."