सतपालला कोणी उतरवलं?

दिल्लीतल्या एका शंभर वर्षांच्या दगडी सरकारी इमारतीत प्रभावती मेश्राम रोज सकाळी सात वाजता सफाईवाल्यांची हजेरी घ्यायची. चौतीस कामगार, सगळे ठेकेदाराचे, देखरेख तिची. नागपूरहून बदली होऊन तिला सहा वर्षं झाली होती. संगमरवरावर ॲसिड पडता कामा नये, पितळी कठड्याला ओलं फडकं लावायचं नाही, हे तिने एकेकाला स्वतः दाखवलं होतं. त्या वास्तूवर तिची माया होती.

एका मंगळवारी मागच्या शौचालयांतून पाणी उलटं आलं. घाण चित्रदालनाच्या दारापर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशी अकराला परदेशी पाहुणे यायचे होते. प्रभावतीने मैला उपसणारी गाडी मागवली, पण ती जुन्या कमानीतून आत येईना. लहान गाडी उद्या दुपारनंतरच मिळणार होती.

"उद्या दुपारी? अहो मॅडम, पाहुण्यांना काय नाक धरून फिरवायचं?" तिचे अधिकारी मुरलीधर सर वैतागले.

"सर, माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे."

"उतरवा असं मी म्हणालोय का? ठेकेदार बघेल ना. तुम्ही वरच्या हॉलमधले गालिचे बघा."

ठेकेदार काय बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्रभावती क्षणभर घुटमळली आणि गालिचे बघायला गेली.

वीस मिनिटांनी खालून आरडाओरडा झाला. सफाईवाला सतपाल कमरेला दोर बांधून गटाराच्या पंधरा फूट खोल चेंबरमध्ये उतरला होता आणि विषारी वायूने तळाशीच कोसळला होता. अग्निशमन दलाने त्याला वर काढलं, तेव्हा नाकातोंडात काळा गाळ भरलेला होता. प्रभावतीने त्याचा चेहरा धुतला. श्वास नव्हता.

पाहुण्यांची भेट पुढच्या आठवड्यावर गेली. त्यासाठी एक फोन पुरला.

चौथ्या दिवशी मुरलीधर सरांनी तिच्यापुढे टाइप केलेला अहवाल ठेवला. 'सदर कामगार कोणाच्याही सूचनेविना, स्वतःहून उतरला.' खाली तिची सही हवी होती, सोबत ड्यूटी चार्ट. तिने तो काढला. हॉल, दालनं, जिने यांपुढे नाना आडनावं. शौचालय आणि गटाराचा नाला यांपुढे मात्र पिढ्यानपिढ्या सफाईलाच जुंपलेल्या वाल्मीकी जातीचीच सहा माणसं. कोणी तसा हुकूम दिला नव्हता. दर महिन्याला आधीच्या कागदावरून प्रभावतीच ती नावं उतरवून काढत आली होती. तिच्या आजोबांनी गावातली मेलेली ढोरं ओढायला नकार दिला होता, मार खाल्ला होता, गाव सोडलं होतं. म्हणून तर नातीच्या हाती लेखणी आली. आणि त्या लेखणीने तिने हे लिहिलं होतं.

तेवढ्यात सतपालची बायको बिमला दारात आली.

"मॅडम, ठेकेदार कहता है, उनकी जगह मुझे लगा देगा. आप नाम लिख दो. संडास मैं कर लूँगी, बस नाले में मत भेजना."

"ऊपर हॉल में क्यों नहीं, बिमला?"

बिमलाने विचारलं, "हमें हॉल में कौन रखेगा?"

 प्रभावतीने अहवाल बाजूला सारला आणि कोरा कागद ओढला. 'काय होणार हे मला माहीत होतं. मी थांबवलं नाही. नाल्याच्या कामावर एकाच जातीची माणसं मी नेमत आले.'

मुरलीधर सरांनी तो कागद वाचला. "वेडेपणा करू नका. यात पहिल्या तुम्ही अडकाल."

"अडकेन, सर. आणि हे मी ऑफिसात देणार नाही, पोलीस ठाण्यात देणार आहे."

ते निघून गेले.

प्रभावतीने सगळं बिमलाला हिंदीतून वाचून दाखवलं. बिमलाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "इसमें ये नहीं लिखा कि उन्होंने मना किया था."

"मना किया था?"

"दो बार. मुझे फोन पे बोले, गैस की बास आ रही है, मैं नहीं उतरूँगा. पीछे से ठेकेदार के आदमी की आवाज़ आई, तू नहीं उतरेगा तो क्या पंडित उतरेगा?"

प्रभावतीने कागद पुन्हा पुढे ओढला. मग तिने तेही लिहिलं, शब्दन् शब्द, आणि त्याखाली सही केली.