जास्तीच्या बैठका

त्या गुरुवारी सकाळीही मोहिनीने नेहमीची कुरकूर केली. स्कूटरला किक मारता मारता ती म्हणाली की खांदे इतके भरून आलेत की काल वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळून पडला, आणि आता हे थोतांड बास झालं. मागे बसलेल्या आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गळ्यातला टॉवेल सावरत रोजचंच उत्तर दिलं, "इंग्रजीत सांग."

ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने आणखी एक किक मारली आणि स्कूटर थॉमस सरांच्या व्यायामशाळेकडे निघाली.

मोहिनी बोरस्ते नाशकातल्या एका कॉलेजात मराठीची विभागप्रमुख होती. घरात भिंत झाकेल एवढी पुस्तकं, त्यांतली निम्मी इंग्रजी. रशियन आणि फ्रेंच कादंबऱ्याही तिने इंग्रजीतूनच वाचल्या होत्या आणि भाषांतर कुठे ढिलं पडलंय यावर ती मराठीत तासभर बोलू शकत असे. मात्र हॉटेलात वेटरने इंग्रजीत काही विचारलं की ही बाई मेनूकार्डावर बोट ठेवून मान डोलवायची. एकदा अशाने तिच्यापुढे सूपच्या दोन वाट्या आल्या. दोन्ही तिने निमूटपणे संपवल्या, कारण एक परत न्या हे सांगायलाही इंग्रजीच लागलं असतं.

अशात, त्या गुरुवारच्या काही महिने आधी, दिल्लीहून तपासणी समिती येणार, आणि प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या विभागाची माहिती इंग्रजीत द्यायची, असं ठरलं. मोहिनीला बातमीनेच कणकण आली.

त्याच सुमारास आप्पांच्या हृदयाने एक लहानसा इशारा दिला होता. रावजी बोरस्ते, म्हणजे आप्पा, अंबडच्या कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर काढून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी बेतानं व्यायाम करा असं बजावल्यावर ते सिडकोत बेकरीच्या माडीवर असलेल्या थॉमस सरांकडे चार दिवस जाऊन आले आणि कंटाळले. पण तिथला एक नियम त्यांच्या डोक्यात राहिला होता. थॉमस सर मूळचे केरळचे. लष्करातून निवृत्त झाले आणि देवळालीतच राहिले. हिंदी त्यांना उत्तम येई आणि मराठी सगळी कळे, पण हॉलमध्ये फक्त इंग्रजी. चुकीची चालेल, तोडकी चालेल, नुसते दोन शब्द चालतील. मराठी किंवा हिंदी बोललं की जास्तीच्या बैठका. अंबडची पोरं नोकरीच्या मुलाखतीआधी मुद्दाम तिथे नाव घालत. सरांचं म्हणणं असं की धापा टाकणाऱ्या माणसाला लाजायला सवड नसते.

"तुझं औषध सापडलं," आप्पा घरी येऊन म्हणाले. "मी पन येतो संगतीला. एकटी नाय जानार तू."

मोहिनीला लाजायला सवड भरपूर होती, असं पहिल्याच दिवशी दिसलं. एक तरुण बाकावर पडून वजन उचलत होता आणि तिला तो बाक हवा होता. "आर यू युजिंग धिस?" एवढंच विचारायचं होतं. पण ज्या कादंबऱ्यांतले लोक मीठ मागायलाही चार वाक्यं खर्च करतात, त्या वाचलेल्या बाईला एवढं उघडं वाक्य कसं चालावं? तिने मनात एक लांबलचक, विनम्र, स्वल्पविरामांनी नटलेलं वाक्य जुळवायला घेतलं. ते पूर्ण झालं तेव्हा तो मुलगा अंघोळ करून कामावर गेला होता. मग तिच्या तोंडून मराठीत "अरेच्चा" निघालं, आणि सरांनी बोटाने जमीन दाखवली. सलवार-कमीज आणि नवे कोरे बूट घातलेल्या विभागप्रमुख बैठका मारू लागल्या.

आप्पांना असली अडचण नव्हती. ते ऐकलेलं तिथल्या तिथे वापरून टाकत. "ब्रीद आउट", "कीप युअर बॅक स्ट्रेट", "डोन्ट ड्रॉप" हे सगळं त्यांनी घरी आणलं. भाकरी हवी असली की "वन मोअर", नको असली की "लास्ट सेट". मोहिनी पेपर तपासत पोक काढून बसली की मागून "बॅक स्ट्रेट, मॅडम" येई. नळाची धार बारीक झाली तर नळालाही ते "कम ऑन, कम ऑन" म्हणत. निघताना मात्र ते थॉमस सरांना रोज हात वर करून सांगत, "ओके सर, आय अॅम कमिंग." पहिल्यांदा हे ऐकून सर बिचारे बराच वेळ हॉल उघडा ठेवून बसले होते. मोहिनीने आप्पांना समजावलं की निघताना इंग्रजीत 'गोइंग' म्हणतात. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि साफ नाकारलं. "घरातून निघताना कुनी जातो म्हनतं का? भाषा बदलली म्हनून काय झालं?" पुढे सरच ते शिकले.

समितीचं पुढे असं झालं की भाषा विभागांनी आपापल्या भाषेत बोललं तरी चालेल, असं पत्र आलं. मोहिनी मराठीत बोलली, समितीने माना डोलावल्या, विषय संपला. ही गोष्ट तिने आप्पांना सांगितली नाही. इंग्रजीची गरज संपली असं कळलं असतं तर त्यांनी व्यायाम सोडला असता. त्यांना वाटायचं, आपण लेकीला नेतो. तिला वाटायचं, आपण बापाला नेतो. त्यांना संशय येऊ नये म्हणून ती रोज पहिल्यासारखीच कुरकूर करत राहिली. एवढी पुस्तकं वाचून सुचलेली युक्ती ती हीच.

खरं म्हणजे कुरकुरीला आता काही कारण उरलं नव्हतं. ती गजर होण्याआधी जागी व्हायची. परतताना आप्पा त्या दिवशीचे शब्द तिच्या कानाशी ओरडत, सिग्नलला शेजारचे रिक्षावाले हसत, आणि मोहिनी चेहरा मास्तरणीचा ठेवून मनातून खूश असायची. पण असलं काही बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती.

त्या गुरुवारी आप्पांनी दोरी ओढायच्या यंत्रावर वजनाची एक वीट जास्त लावली आणि सरांकडून "गुड, रावजी" मिळवलं. घरी येऊन पोहे खाल्ले. दुपारी ते एसटीने सिन्नरला बहिणीकडे निघाले. सिन्नरच्या स्टँडवर उतरले, बाकावर टेकले, आणि तिथून उठले नाहीत.

पुढचे दिवस मोहिनीला काही बोलावं लागलं नाही. पुण्याहून धाकटा भाऊ किशोर आला, त्याने सगळीकडे फोन केले. रडण्याचं आणि सांगण्याचं काम सिन्नरच्या भागीबाई आत्याने अंगावर घेतलं. येणारा प्रत्येक जण "कळलं" म्हणतच आत यायचा. मोहिनी चहा करत राहिली. मृत्यूची एवढी वर्णनं वाचलेली ही बाई दहाव्याला घाटावर उभी राहून गुरुजींचा उच्चार कुठे चुकतोय ते ऐकत होती. नंतर तिला स्वतःचीच शिसारी आली, पण रडू आलं नाही.

तेरावा झाल्यावर किशोर परत गेला. मग तिच्या लक्षात आलं की थॉमस सरांना कुणीच कळवलेलं नाही.

ती सकाळी नेहमीच्या वेळी माडी चढली. सर वजनं पुसत होते.

"लाँग हॉलिडे, मॅडम," ते म्हणाले. "व्हेअर इज रावजी?"

माणूस गेला हे सांगायचे इंग्रजीतले डझनभर सभ्य वाक्प्रचार तिला ठाऊक होते. त्यांतला एक तिने उचलला, अर्ध्यावर आणला, आणि सोडून दिला. मराठीतही हे वाक्य तिने अजून एकदाही उच्चारलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "माय फादर डाइड."

सरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः बाकावर बसले. कुठे, कसं, त्रास झाला का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तिने दोन-दोन शब्दांत सांगितलं. बस स्टँड. आफ्टरनून. नो पेन. खाली बेकरीचं शटर उघडल्याचा आवाज आला.

मग सर म्हणाले की एक गोष्ट तिला सांगायला हवी. समितीचं आप्पांना केव्हाच कळलं होतं, बाजारात कॉलेजचा शिपाई भेटला होता. आप्पा एकदा सरांना म्हणाले होते की लेकीला हे सगळं अजिबात आवडत नाही, ती फक्त माझ्या जिवासाठी येते, रोज त्रास काढते. तिला सुट्टी द्यावी का, असंही त्यांनी विचारलं होतं.

"ही फेल्ट बॅड, मॅडम," सर म्हणाले. "ही थॉट यू हेट इट."

मोहिनीने मान हलवली. नाही, नाही, अशी बराच वेळ हलवत राहिली. विनम्र वाक्यं जुळवायला या वेळी तिला सवड नव्हती.

"नो सर," ती म्हणाली. "आय लाइक्ड इट. आय लाइक्ड कमिंग विथ हिम. व्हेरी मच आय लाइक्ड."