कार्डाचे पेढे

बुद्धभूषणने डेपोत पेढे वाटले ते ग्राफिक्स कार्डाचे. कॉम्प्युटर अजून घ्यायचाच होता. एसटीच्या वर्कशॉपमधल्या निम्म्या लोकांना कार्ड म्हणजे काय तेही कळलं नाही, पण पेढा तोंडात टाकून सगळे म्हणाले, "नाद न्हाय करायचा!"

"खास पुण्याहून मागवलंय. अख्ख्या कळंब्यात कुणाकडं न्हाय," तो सांगत सुटला होता.

ते २००७ साल. बायको प्रीती जाऊन वर्ष होत आलं होतं. ती घरी कॉम्प्युटरवर लग्नाच्या कॅसेटांचं मिक्सिंग करायची. मुलगी अक्षता शेजारी बसून शिकली. मशीन मोकळं असलं की अक्षता त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायची आणि मागं पडणाऱ्या गाडीला मोठ्यानं शिव्या घालायची. प्रीती गेली आणि मागोमाग मशीनही बंद पडलं. घर गप्प झालं. भारीतलं कार्ड आणलं की पोरगी पुन्हा खेळेल, असं बुद्धभूषणने मनात धरलं होतं.

त्यातच गारगोटीच्या जोतीराम फोटोग्राफरचा फोन आला. "सीझन तोंडावर हाय. अक्षता करणार असली तर माझी सगळी लग्नं तिची. न्हायतर रविवारनंतर कॅसेटा दुसऱ्याला देतो."

"करतो की," अक्षता म्हणाली.

म्हणून शनिवारी दोघं शाहूपुरीत अभिनंदनच्या दुकानात आली. हा हातकणंगल्याचा पोरगा, रोज येऊन-जाऊन दुकान चालवायचा. त्यानं कार्डाची पेटी काउंटरवर ठेवली.

"मामा, सील हाय तवर पेटी माझी. फोडलं की तुमची. पुण्याचा माणूस फोडलेली परत घेत न्हाय."

"परत कोण देतंय? फोड."

"थांबा पप्पा." अक्षता मदरबोर्ड हातात घेऊन बघत होती. "अभिनंदनदादा, कार्ड किती जाड हाय?"

"दोन खाचांची जागा खातंय."

"मग शेजारची खाच झाकणार. फायरवायर कुठं बसवू?"

"ते आणि काय?" बुद्धभूषणने विचारलं.

"कॅमेऱ्यातली कॅसेट कॉम्प्युटरात घ्यायला लागतंय ते कार्ड. ते न्हाय बसलं तर जोतीराममामांच्या कॅसेटा काय चहात बुडवून खायच्या?"

"मग मोठा बोर्ड घे की!"

"घेतो. पण पैसे तेवढेच हायत, मग रॅम निम्मी आणि हार्डडिस्क एकच. पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर येतोय तसलाच हलका. संध्याकाळी आपल्याकडं लाईट दबली आणि ह्या कार्डानं ओढ घेतली की मशीन बसलं. आणि मिक्सिंगचं खरं काम प्रोसेसर करतोय पप्पा. हे कार्ड तवर नुसतं बसून राहणार, पावण्यागत."

अभिनंदन हसला. बुद्धभूषणला हसू आलं नाही. जीपला ट्रकचं इंजिन बसवलं तर आधी क्लच जळतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्याचा अंगठा सीलवरून निघत नव्हता.

"डेपोत पेढे वाटलेत गं मी."

"कार्डाचे?" अभिनंदन म्हणाला. "मला न्हाय मिळाला."

"गप रे." मग तो अक्षताकडं न बघता बोलला, "तुझ्यासाठीच मागवलं. आई गेल्यापासनं तू एकदा पण खेळली न्हाईस."

अक्षता त्याच्याकडं वळली. "मशीन बंद होतं म्हणून खेळलो न्हाय. आठवण येती, रोज येती. पण गेमवर रुसलो न्हवतो मी." तिनं बोर्ड खाली ठेवला. "मधलं कार्ड घेऊया. गाड्या पळतात त्याच्यावर. जरा कमी चकाचक दिसतील, पण फायरवायरची खाच मोकळी राहती."

बुद्धभूषणने अंगठा काढला आणि पेटी अभिनंदनकडं सरकवली. "धाड पुण्याला. आता ती सांगंल तसं जोड."

तिनं प्रोसेसर वरचा घेतला, रॅम भरपूर. कॅसेटांसाठी हार्डडिस्क वेगळी. पॉवर सप्लाय दोन उचलून बघितले आणि जड होता तो घेतला. कॅबिनेट मात्र साधं. अभिनंदननं खिडकीवालं, निळ्या दिव्याचं दाखवलं, तर म्हणाली, "लग्न मशीनचं न्हाय, दादा."

जोडून झाल्यावर तिनं पिशवीतला कॅमेरा काढला, वायर लावली आणि कॅसेटचा तुकडा आत घेतला. रेंडर लावला, म्हणजे त्या तुकड्याची फिल्म तयार व्हायला टाकली. प्रीती असताना रेंडर चालू असला की माउसला हात लावायची बंदी असायची, मशीन अडकायचं. अक्षतानं सरळ गेम सुरू केला. बुद्धभूषणचा हात तिला अडवायला पुढं गेला आणि तसाच राहिला. गाडी जरा अडखळत पळत होती आणि रेंडरची पट्टी हळूहळू भरत होती.

"आई असती तर ओरडली असती," अक्षता म्हणाली.

"ओरडली असती. मग स्वतः खेळायला बसली असती."

त्यानं दुकानाच्या फोनवरून गारगोटीला नंबर लावला. "जोतीराम, रविवारची वाट बघू नको. कॅसेटा पाठव."

"पहिल्या गाडीनं देतो. पण नवऱ्याकडची माणसं लई किटकिटी हायत, पोरीला सांग."

अक्षता स्क्रीनवरची नजर न काढता ओरडली, "गाणी आधी ठरवून पाठवा म्हणावं! मागनं बदलायची न्हाईत!"

"ऐकलंस?" बुद्धभूषण फोनमध्ये म्हणाला. "आता काय ते तिच्याशी बोल." आणि त्यानं रिसीव्हर तिच्या कानाला लावला.