डावीकडची मोकळी जागा

आमच्या कॅप्टनसाहेबांना जन्मात कोणाकडे काही मागता आलं नाही. जेवताना मीठ लांब असलं तर अळणी जेवतील, पण "जरा सरकव" म्हणणार नाहीत. सहवैमानिक म्हणून मी त्यांच्याबरोबर उडायला लागले तेव्हा मला हे फार लोभस वाटायचं. आता त्याचा राग येतो.

त्या दुपारी विमानाकडे जाताना ते म्हणाले, "आज तू चालव. रेडिओ मी बघतो."

मी काय ते ओळखलं. वाटेतल्या आकाशाचा एक विभाग त्यांच्या लेकीकडे होता. ती विमानांना रेडिओवरून वाट देणारी कंट्रोलर. रडारसमोर एकटीने बसायला लागून तिला आठवडाच झाला होता, आणि बापाला तिचा आवाज ऐकायचा होता.

"सर, गप्पा मारत बसू नका हं तिच्याशी."

"छे गं. तिच्यासाठी मी म्हणजे नुसता विमानाचा नंबर," ते म्हणाले, आणि कॉकपिटमध्ये बसल्याबसल्या कॉलर नीट केली. रेडिओवर कॉलर कोणाला दिसते, देव जाणे.

तिच्या विभागात शिरलो तेव्हा समोर ढगांची फळी उभी होती. आमच्या पडद्यावर पाऊस हिरवा दिसतो, जोराचा पिवळा, आणि ज्यात पाऊल टाकायचं नाही तो लाल. दोन लाल डाग होते आणि मधे एक फट. कंट्रोलरच्या पडद्यावर विमानं ठळक दिसतात, ढगांचा नुसता अंदाज येतो. म्हणून आमची रीत साधी आहे. ढग पायलटने बघायचा आणि वळायला जागा मागायची. कंट्रोलरने आजूबाजूची विमानं बघून ती द्यायची.

रेडिओवर नुसती झुंबड उडाली होती. एकाला उजवीकडे जायचं होतं, दुसऱ्याला वर, तिसरा तेच तेच दोनदा विचारत होता. साहेबांनी आमचा नंबर सांगितला तेव्हा ती क्षणभर थबकली, मग चारचौघांना दिलं तसंच उत्तर तिने दिलं. आवाज स्थिर होता, पण वाक्यांची टोकं गिळत होती.

"सर, फट बुजतेय. डावीकडे वीस अंश मागा."

"थांब जरा. तिची तारांबळ उडालीये."

"अहो, तिचं कामच आहे ते."

"आधी त्या तिघांचं होऊ दे. आपल्या पुढचं विमान गेलंच ना फटीतून?"

गेलं होतं, खरं आहे. पण ते गेलं तेव्हा फट रुंद होती. ढग काय आपल्यासाठी खोळंबून राहतो? मी सीटबेल्टचा दिवा लावला आणि मागे फोन केला. फोनवर ताई आली. केबिन कर्मचाऱ्यांतली सगळ्यात जुनी बाई. भलेभले कॅप्टन तिला टरकून असतात.

"ताई, आवरा आणि बसा."

"दोनच रांगांचे ट्रे उचलायचे राहिलेत गं," ती म्हणाली.

साहेबांचा अंगठा रेडिओच्या बटणावर होता. तेवढ्यात रेडिओवर दुसरा एक पायलट तिच्यावर खेकसला, अजून किती ताटकळत ठेवणार म्हणून. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी अंगठा उचलून घेतला.

मग मीच माझं बटण दाबलं. ढगामुळे डावीकडे वीस अंश हवेत, म्हटलं. उत्तर इतकं चटकन आलं की मी चमकलेच. "डावीकडे तीस अंशांपर्यंत वळा. मोकळं आहे."

मी वळवलं, पण उशीर झाला होता. लाल डागाच्या कडेने आम्हाला गाठलंच. विमान पायाखालून निसटल्यासारखं खाली गेलं, काचेवर गारांचा मारा सुरू झाला, आणि लगेच कोणीतरी वर भिरकावून दिल्यासारखे आम्ही वर आलो. मागून किंकाळ्या ऐकू आल्या. मग एकदम बाहेर ऊन. मला त्या उन्हाची चीड आली.

फोन वाजला. ताई नव्हती, तिच्या हाताखालची मुलगी होती. ताई ट्रॉलीखाली सापडली होती, आणि तिचं पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं.

साहेबांनी रेडिओवर कळवलं की कर्मचारी जखमी आहे, उतरल्यावर डॉक्टर लागेल. आवाज कोरडा ठणठणीत. लेकीनेही तेवढ्याच कोरडेपणाने "कळलं" म्हटलं.

विमानतळाच्या दवाखान्यात ताईला आत नेताना ती मला म्हणाली, "ट्रे राहिलेच की गं." मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, घोटा दोन ठिकाणी मोडलाय, पुन्हा विमानात उभं राहून काम जमेल का, आताच सांगता येत नाही. साहेब बाकावर बसून जमिनीकडे बघत होते.

त्यांची लेक आली; तिचं रडार केंद्र त्याच विमानतळावर होतं. असं काही घडलं की कंट्रोलरला खुर्चीवरून उठवतात. केसांवर हेडसेटचा वळ तसाच होता.

"बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

"मला काय होतंय. तुझ्यावरच किती गर्दी पडली होती. म्हटलं, निदान आपला तरी त्रास नको तुला."



"तुम्ही यायच्या आधीच मी डावीकडचं विमान वर नेऊन ठेवलं होतं," ती म्हणाली. "त्या बाजूला कोणाला सोडलं नाही. तो खेकसला ना, तो त्याच जागेसाठी."

साहेबांनी कॉलरचं बटण सैल केलं.

"वाटत होतं, आता मागतील, आता मागतील. आपणहून जागा दिली असती तर मागे देखरेखीला बसलेले आमचे सर म्हणाले असते, बापासाठी करतेय. तुम्ही नुसतं मागायचं होतं, बाबा."

साहेबांचे ओठ सुकले होते. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र होतं, शेजारी कागदी पेले.

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

"नको गं, तू बस. मी घेतो," म्हणत ते गुडघ्यावर हात टेकून उठले. इतका वेळ तिने धीर धरला होता. तेव्हा मात्र तिला रडू कोसळलं.