उरलेला घास

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार दमलो आहे. डोळ्यांसमोर मोठा चमचा आणू नका. लहान बाळाला भरवायचा असतो ना, बोटभर दांड्याचा आणि पुढे उथळसा, तो मी. माझ्यात चिमूटभर भात मावतो. वाढायचा डाव माझ्याकडे पाहून हसतो. हसू दे बापडा. गेल्या चार महिन्यांत या घरात त्याच्यापेक्षा जास्त खेपा मी घातल्या आहेत. दिवसातून सहा वेळा मला बोलावणं येतं आणि दर वेळी अर्धा अर्धा तास राबावं लागतं. या वयात हे झेपत नाही, पण ऐकणार कोण? म्हणून तुमच्यापुढे बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या एका तावातून आम्ही शेकडो भाऊ एकदम बाहेर पडलो. यंत्राचा दणका बसला, कडा घासल्या, चकाकी चढली आणि आम्ही दुकानात जाऊन बसलो. तिथे एक दिवस कडेवर बाळ घेतलेली एक तरुण बाई आली. तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं, मग तीच कड स्वतःच्या ओठाला लावून पाहिली आणि म्हणाली, "हा द्या. हा टोचत नाही." माझं एवढं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसं कोणी केलं नाही.

तिला मी आईच म्हणतो. घरात तिला त्याच नावाने हाक मारतात. बाबासुद्धा एक तर 'अगं' म्हणतात, नाही तर लेकीचं ऐकून 'आई'. बाबा पोस्टात काम करतात. लेक तेव्हा सहा महिन्यांची होती. तिला छकुली म्हणत. आज ती वीस वर्षांची आहे, बस पकडून कॉलेजला जाते, तरी घरात छकुलीच आहे.

छकुलीला भरवता भरवता आमच्या नाकी नऊ यायचे. चार घास झाले की ती तोंड फिरवायची, पाचवा थुंकायची. मग वाटीत उरलेले सहा-सात घास आई खायची. छकुलीच्या हनुवटीवरून ओघळलेलंही माझ्यानेच निपटून स्वतःच्या तोंडात घालायची. चमचा तोच, हात तोच, फक्त मी उलट्या दिशेला वळायचो. यात काही वावगं आहे असं तेव्हा तिलाही वाटलं नाही आणि मलाही नाही.

वाया घालवणं तिला ठाऊकच नव्हतं. ती शाळेचे गणवेश शिवते. पुढच्या खोलीत लांब टेबल आहे, त्यावर कापड पसरून ती खडूने खुणा करते. कापड असं बेतते की कात्री फिरल्यावर तळहाताएवढा तुकडासुद्धा उरत नाही. उरलाच तर त्याचा खिसा होतो, बटणपट्टी होते, निदान मशीन पुसायचं फडकं तरी होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुमच्याकडे कापड दिलं की निर्धास्त." हे ऐकून तिचा चेहरा खुलायचा. जो हात दिवसभर असं कापड वाचवत होता, तोच हात संध्याकाळी ताटं उचलत होता.

छकुली मोठी झाली आणि मी खणात गेलो. रबर बँड, औषधाच्या बाटलीची टोपणं, वाढदिवसाच्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या, असा माझा शेजार. मला बाहेर काढलं जाई ते खोकल्याचं औषध मोजायला. एकदा तर बाबांनी माझ्या दांड्याने रंगाचा डबा उघडला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. बाकी वर्षानुवर्षं नुसता अंधार, आणि अंधारात कान तेवढे उघडे.

मी ऐकायचो. सगळे जेवून उठायचे. मग ओट्याशी आईची पावलं यायची. भांडं खरवडल्याचा आवाज यायचा. छकुलीने ठेवलेला अर्धा ब्रेड, बाबांच्या ताटातला भात, पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी, हे सगळं ती उभ्या उभ्याच संपवायची. स्वतःचं जेवण झालेलं असायचं ते वेगळंच. पुढे पुढे पावलांचा आवाज जड झाला. मग दोन पावलांमध्ये धाप ऐकू येऊ लागली. मग मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं माझ्याच खणात येऊन पडू लागली. गुडघ्यांमुळे तिला टेबलाशी उभं राहून कापड बेतता येईना. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, चालायला सांगितलं, सगळं करून झालं. शेवटी त्यांनी वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याएवढं.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला, तो फ्रिजवर चिकटवला गेला. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही आणि नंतरही नाही. पोट भरलं की घास तोंडाशी असला तरी थांबायचं. खाली पेनने लिहिलं होतं, चमचा लहान बाळाचा वापरावा.

छकुलीने खण उपसला आणि मला वर काढलं. "आई, हा बघ! माझा!" आई हसली. मला मात्र रडू येईल असं वाटलं. बाळासाठी घेतलेलं आपण, आता त्याच बाळाच्या आईला भरवायला निघालो होतो.

सुरुवातीचे आठवडे नुसतं पातळ सूप. दोन मिनिटांनी एक चमचा. घड्याळ बघत बसायचं. भूक तर तिला लागतच नव्हती, जेवण म्हणजे औषधासारखं झालं होतं. एकदा ती म्हणाली, "मला जेवायचा कंटाळा आलाय हो."  तिच्यासमोर भरलेलं ताट घेऊन बसणं बाबांच्या जिवावर यायचं. ते आपलं ताट घेऊन शिवणाच्या टेबलाशी जाऊन गुपचूप जेवू लागले. तिला ते कळत होतं आणि त्याचंही वाईट वाटत होतं. दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघंही एकटे जेवत होते.

सातव्या आठवड्यात मऊ अन्न सुरू झालं. आईला थोडं हलकं वाटत होतं. मग तो शनिवार आला. दुपारी छकुली घाईघाईने जेवली, ताटात चार घास भात ठेवून क्लासला पळाली. आईचं अंडं खाऊन झालं होतं. तिने स्वतःची वाटी आणि छकुलीचं ताट उचललं. मी वाटीत होतो. ओट्याशी पोचल्यावर तिचा हात आपोआप चालला. पहिला चमचा. दुसरा. तिसरा. भात कोरडा होता, ती उभी होती आणि चावणं नव्हतंच. मित्रांनो, ते तिन्ही घास मीच नेले. मला वाचा असती तर ओरडलो असतो.

मिनिटभरात तिने छातीवर हात ठेवला. भात आत अडकला होता. ती ओट्याला टेकत टेकत खाली फरशीवर बसली. तोंडातून लाळ गळत होती, कपाळावर घाम आला होता, श्वास तुटत होता. बाबा पुढच्या खोलीतून धावत आले. "अगं, काय झालं? काय खाल्लंस?" तिला सांगता येईना. मग उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईनवर ठेवलं.

आई घरी आली तोवर छकुलीला ओट्यावर आपलंच न धुतलेलं ताट दिसलं होतं. ती सगळं समजून चुकली होती.

"आई, माझ्या ताटातलं खाल्लंस?"

"चार घास तर होते. टाकवेनात गं."

"मग मी टाकले असते ना! कोणी सांगितलं होतं तुला संपवायला?"

"तुला कधी टाकता आलं? तू ठेवून जातेस. टाकायचं काम माझ्याकडे असतं."

 छकुलीचे डोळे भरून आले. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. घरातल्या कोणीच आजवर स्वतःच्या ताटातलं अन्न स्वतः टाकलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला आहारतज्ज्ञ बाईंनी छकुलीलाही आत बोलावलं. घरी येऊन छकुलीने त्यांचं बोलणं बाबांना जसंच्या तसं सांगितलं, मी ते ओट्यावर ऐकलं. "एका घासाने काय होतं, असं म्हणू नका. पुन्हा असं झालं, आतली शिवण फाटली, तर पुन्हा पोट उघडावं लागेल. ते तुमच्या आईला झेपेल असं मी सांगू शकत नाही." आई दिवसभर शिवणीतच असते. शिवण फाटणं म्हणजे काय ते तिला वेगळं सांगावं लागलं नसणार.

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी मनावर घेतलं. बाबा ताट घेऊन परत स्वयंपाकघरात आले. छकुली आधी थोडंच वाढून घेऊ लागली. ज्याचं ताट त्याने धुवायचं असं ठरलं. पण आईच्या स्वतःच्या वाटीचं काय करणार? वाटीत आठ चमचे मावायचे. सहाव्याला तिचं नाक वाहू लागायचं. पोट भरल्याची तिची खूण तीच, आहारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितली होती. मग उरलेल्या दोन घासांकडे ती बघत बसायची. खाता येत नव्हते आणि टाकता येत नव्हते.

तिने आपल्या डोक्याने तोड काढली. एकदा बाबांनी दुधासाठी फ्रिज उघडला आणि कपाळावर हात मारला. आत बटणांच्या रिकाम्या डब्या रांगेने मांडल्या होत्या. प्रत्येकीत एक एक घास, नाही तर दोन. दही, अंडं, कुस्करलेलं गाजर. काहींना वास सुटला होता.

"अगं, हे काय दुकान मांडलंयस?"

"उद्या खाईन."

"उद्याचंही उद्या उरणारच की!"

तिला हसू आलं, मग लगेच चेहरा पडला. डब्या बाबांनी रिकाम्या केल्या, ती तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

मग परवाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. बाबा कामावर, छकुली कॉलेजात. आईने अंड्याची वाटी घेतली आणि पंचवीस वेळा मोजून चावत एकटीच जेवायला बसली. मी एक खेप केली, दुसरी केली, सहावी केली. तिचं नाक वाहू लागलं. सातवा चमचा भरून तयार होता. तिने तो उचलला. मी तिच्या ओठांना लागलो. बघायला घरात कोणी नव्हतं, रागवायलाही कोणी नव्हतं. छकुलीच्या लहानपणी उरलेला घास घेऊन मी ज्या दिशेला वळायचो, त्याच दिशेला वळलो होतो.

ती थांबली. बराच वेळ थांबली. मग उठली, कचऱ्याच्या डब्यापाशी गेली, पायाने झाकण उघडलं आणि मला उपडं केलं. घास पडला. चिकटलेलं निघावं म्हणून तिने मला डब्याच्या काठावर दोनदा आपटलं आणि अगदी हळू, जणू कोणी ऐकेल म्हणून, ती म्हणाली, "पुरे."

तिला आनंद झाला असं मी खोटं सांगणार नाही. ती रडली. अन्न टाकलं म्हणून रडली आणि इतकी वर्षं का टाकलं नाही म्हणूनही रडली. मग तोंड धुऊन टेबलाशी गेली आणि कापड बेतायला उभी राहिली. उभी, मित्रांनो. खुर्ची न घेता.

संध्याकाळी छकुलीने डब्याचं झाकण उघडलं आणि तिला अंड्याचा तो घास दिसला. "आई, हे तू टाकलंस?"

"हो. माझं झालं होतं."

छकुलीने झाकण हळूच लावलं. आईला मिठी मारली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती तिच्या शेजारी जाऊन बसली आणि गणवेशाला बटणं लावू लागली.

मित्रांनो, मी चमचा आहे, तुम्ही जिकडे न्याल तिकडे जातो. माझी एवढीच विनंती आहे. हवं तेवढंच ताटात घ्या. उरलंच तर स्वतःच्या हाताने टाका, टाकताना वाईट वाटलं तर वाटू द्या, पण ते दुसऱ्याच्या पोटात ढकलू नका. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या माणसाकडे जरा बघा. आणि तुमची आई कधी 'पुरे' म्हणाली, तर आणखी एक घास घे म्हणून आग्रह करू नका. तो शब्द तोंडातून निघायला तिला किती वर्षं लागली, ते तुम्हाला ठाऊक नसतं.