निळा कोंडा

मी फणी. जुनी, लाकडी आणि आता दोन दातांनी उणी. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. तुमच्या आरशापुढे रंगीत प्लॅस्टिकचे कंगवे असतात. ते देखणे आहेत, माझे काही म्हणणे नाही. माझ्या एका अंगाला विरळ दात आहेत आणि दुसऱ्या अंगाला इतके दाट, की त्यांच्यातून सुईसुद्धा अंग चोरून जाते. त्या दाट दातांचा मला भारी गर्व होता. त्या गर्वाने एका भल्या माणसाला कसे अडचणीत आणले, तेच आज सांगते.

एका कारागिराने मला पिवळसर, चिवट लाकडातून कापले. एकेक दात बारीक करवतीने पाडला, पॉलिशकागदाने घासला आणि तेल पाजून मला उन्हात ठेवले. बाजारात मला एका शिंप्याच्या बायकोने उचलले. फण्यांची अख्खी रास पुढ्यात पडली होती, पण तिने मलाच निवडले, हे मी अजून विसरलेले नाही. घरातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत आणि तिला वहिनी. मीही तेच म्हणते.

मास्तर एका मोठ्या दुकानात काळे कोट बेतत. बावीस वर्षे ते त्या बेतायच्या टेबलापाशी उभे होते. त्यांच्या हातचा कोट घातला की कुबड काढून चालणारा माणूसही ताठ व्हायचा. संध्याकाळी मी वहिनींचे लांब केस विंचरायचे, सकाळी मास्तरांचा भांग पाडायचे. दिवस मजेत चालले होते.

मग एका थंडीत मास्तरांच्या डोक्यात कोंडा झाला. पांढऱ्या सदऱ्यावर तो कुणाला दिसला नसता, पण काळ्या कोटावर कसा लपणार? एका गिऱ्हाइकाने नवा कोरा कोट परत आणला. खांद्यावर पांढरे होते. हा कुणी तरी वापरलेला कोट आहे, असे म्हणून तो निघून गेला. दुकानाच्या मालकांनी मास्तरांना बाजूला घेतले.

"मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही. पण पुढच्या महिन्यात वाद्यवृंदाचे चौदा काळे कोट द्यायचेत. एकावर जरी पांढरं दिसलं, तर मला तुम्हाला काजबटणाच्या टेबलावर बसवावं लागेल."

घरी येऊन मास्तरांनी हे वहिनींना सांगितले. काजबटण हे हलके काम नव्हे, पण बावीस वर्षे कोट बेतणाऱ्या माणसाला ते कसे रुचावे? मला त्यांची फार दया आली. मी मनाशी म्हटले, घाबरू नका मास्तर, मी आहे ना!

दुसऱ्या दिवसापासून मास्तर खिडकीपाशी स्टुलावर बसत, मांडीवर वर्तमानपत्र पसरत आणि माझे दाट दात डोक्यावर खराखरा ओढत. कागदावर बर्फ पडल्यासारखे व्हायचे. वहिनी म्हणायच्या, "बाई बाई, केवढा निघाला!" मी फुगून जायचे. जितका जास्त निघेल तितकी मी गुणाची, एवढे साधे माझे गणित. आज निघाला त्याहून उद्या जास्त निघतो, हे मला दिसत होते. तरी मला शंका आली नाही. गर्वाचे घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

एकदा बातमी फुटली की सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. मास्तरांची थोरली बहीण पिशवीभर लिंबे घेऊन आली.

"अरे, बघतोस काय? पीळ सरळ डोक्यावर. झोंबलं म्हणजे लागू पडलं समज!"

झोंबले. मास्तर खोलीभर नाचले. ते नाचणे पाहून बहिणीला औषध फारच लागू पडले असे वाटले आणि ती आणखी दोन लिंबे कापायला बसली.

शेजारी घरे रंगवणारा एक पेंटर राहायचा. तो म्हणाला, "भिंतीचा पोपडा असतो ना, अगदी तसंच हे. आधी खरवडायचं, मग वर लेप द्यायचा." त्याच्या सांगण्यावरून मास्तरांनी दही थापले. त्यानंतर दोन दिवस शेजारची मांजर त्यांची पाठ सोडेना. मग कुणी सांगितले म्हणून वाटीभर तेल ओतले. तेल कापडावर ठिबकू नये म्हणून टोपी घातली, टोपीत घाम आला आणि घामाने खाज दुप्पट झाली. आगीतून निघून फुफाट्यात पडावे, तसे झाले.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई गणवेशाची शिवण उसवली म्हणून खाली आल्या, तेव्हा मास्तर खिडकीत बसले होते. बाईंनी त्यांचे डोके उजेडात वाकवून पाहिले.

"अहो मास्तर, हे डोकं आहे की टाकी लावलेला पाटा? इतकं कोणी खरवडलं?"

वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"ही बंद," नर्सबाई म्हणाल्या. "लिंबूही बंद. ओरखडलेल्या कातडीवर आंबट चोळतं का कोणी? टोपी काढा. आठवड्यातून दोनतीनदा कोमट पाण्यानं डोकं धुवा, पण नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी चोळा. मेथी भिजवून, वाटून लावायची तर लावा, पण अर्ध्या तासात स्वच्छ धुऊन टाका, आणि आग झाली तर लगेच. एका वेळी एकच काय ते करा. दहा गोष्टी एकदम केल्यात, तर कशानं गुण आला नि कशानं आग झाली, कसं कळणार? आणि पंधरा दिवसांत उतार पडला नाही किंवा जखमा झाल्या, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. मग मेथीबिथी काही नाही."

मला बटणांच्या डब्यात टाकले. तिथे मी हुकांना आणि बटणांना पाठ करून रुसून बसले. पण डब्याच्या फटीतून मला खिडकीतले स्टूल दिसे. मास्तरांचे डोके हळूहळू निवत होते. माझ्याशिवाय! याचे मला वाईट वाटले, आणि खरे सांगते, बरेही वाटले.

खाज गेली, लाली गेली. तरी दुकानात कोटांवर पांढरे दिसतच होते. चौदा कोट द्यायला आठच दिवस उरले होते. मास्तर घरी आले आणि म्हणाले, "आता मी हात टेकले. बसतो काजं करीत."

वहिनींनी मला डब्यातून काढले. "विरळ बाजूनं, हलक्या हातानं फक्त बघते," असे म्हणून त्यांनी मला केसांतून फिरवले आणि कापडाच्या तुकड्यावर झटकले. मग तो तुकडा त्यांनी उजेडात धरला.

"अहो, कोंडा निळा असतो का कधी?"

मास्तरांना हसू आले. "काहीतरीच काय? निळा कसा असेल? आज तर मी डॉक्टरांचे पांढरे कोट..." बोलता बोलता ते थांबले.

वहिनी हुशार. त्यांनी शिलाईच्या डब्यातला चपटा खडू मास्तरांच्या हातात दिला. "बरं, मला सांगा, एका कोटाला पावणेतीन मीटर कापड लागलं, तर चौदांना किती?"

मास्तरांनी डोळे मिटले, विचार करू लागले आणि त्यांचा खडूचा हात आपसूक डोक्याकडे गेला. खडूची धार केसांत शिरणार, तोच वहिनींनी मनगट पकडले.

"हा बघा तुमचा कोंडा!"

काळ्या कापडावर पांढरा खडू, पांढऱ्या कापडावर निळा. बावीस वर्षे मास्तर हिशेब करताना खडूने डोके खाजवत होते, आणि बावीस वर्षांत ते ना त्यांना कळले ना मला. या थंडीत टाळू कोरडी पडून खाज सुटली, तसा तो खडू जास्तच चालू लागला. नवराबायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चोर सोडून संन्याशाला सुळी, असे मी म्हणून घेतले असते, पण मी तरी कुठली संन्यासीण! खडूने ओरखडे काढले, मी ते खरवडून वाढवले. आम्ही दोघे भागीदार.

वहिनींनी मास्तरांच्या कामाच्या एप्रनला छातीवर एक छोटा खिसा शिवला. आधी खडू खिशात टाकायचा, मग विचार करायचा, असा नियम झाला. पहिले दोन दिवस मास्तरांचा रिकामा हात डोक्यापर्यंत जाऊन ओशाळून परत येई.

चौदा कोट तयार झाले. मालकांनी एकेका कोटाच्या कॉलरपासून खांद्यापर्यंत तळहात फिरवला आणि दर वेळी तो उजेडात धरून पाहिला. चौदाव्या कोटानंतर ते म्हणाले, "मास्तर, बेतायचं टेबल तुमचंच." हे मास्तरांनी घरी येऊन वहिनींना तीनदा सांगितले. मग ते स्टुलावर बसले आणि वहिनींनी मला हातात घेतले. विरळ दातांनी, सावकाश, कपाळापासून मानेपर्यंत. झटकले तेव्हा कापडावर काहीच पडले नाही. मास्तर बसल्या बसल्या पेंगू लागले, तरी वहिनी विंचरतच राहिल्या. इतक्या वर्षांत मला एवढे समाधान कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, डोक्यात कोंडा झाला तर त्याच्याशी वैर धरून खरवडत बसू नका. एक साधा उपाय करा, त्याला वेळ द्या आणि गुण आला नाही तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमची फणी तुमचीच ठेवा, आठवड्यातून एकदा तिला धुऊन पुसून ठेवा. आणि तिला हलक्या हाताने धरा. एवढे करा, बाकीचे माझे मी बघते.