दुसऱ्याची लेक

बसा जरा टेकून. एक गोष्ट सांगतो. ऐकून तुमचं डोकं भणाणलं नाही, तर मला येऊन सांगा.

गिरणीवाल्यानं भर रस्त्यात दोन्ही हात पसरून एक सायकल अडवली, तिथून ही सुरू झाली. सायकलवर एक पोरगी. पुढं-मागं पिशव्या, उन्हानं नाकाची सालटं निघालेली, देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघालेली. समोरून वारा असा, की पायडल मारावं तर सायकल जागच्या जागी. गिरणीवाला म्हणाला, आज पुढं जायचं नाही, आमच्याकडं मुक्काम. ती हो-नाही म्हणेपर्यंत सायकल ढकलत घरी आलासुद्धा.

त्याच्या बायकोला सगळी आळी काकू म्हणते, आपणही काकूच म्हणू. काकूला पाहुणी आवडली, खोटं कशाला बोला. पाय शेकायला गरम पाण्याची बादली दिली तिनं. पण नवऱ्याचा उत्साह बघून तिच्या कपाळावर आठी चढायला लागली. एरवी चिमूटभर पीठ जास्त गेलं तर दिवसभर कुरकुरणारा माणूस. आज अंडी आणा, दूध आणा, गादी झटका. समोरच्या मास्तरांना बोलावलं, शेजारच्या शिंप्याला बोलावलं. पाहुणीशेजारी उभं राहून फोटो. शिंप्यानं तिची उसवलेली पिशवी फुकटात शिवून दिली, आणि हा शिंपी सख्ख्या भावाला गुंडी फुकट लावून देत नाही.

या सगळ्या गडबडीत ओट्यापाशी सून उभी होती. आता तिचं ऐका. नवरा कामाला परगावी. गिऱ्हाइकांच्या घरोघरी पीठ पोचवायचं काम तिच्याकडं. गिरणीची जुनी सायकल, मागं पिठाचा डबा, ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका, सगळं गाव पालथं घालते. तेव्हा रस्ता वाईट नसतो. पण तिची आई अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली, आणि ते गाव असं, की सकाळी सायकलनं निघालं तर दुपारी पोचेल. सुनेनं विषय काढला की सासऱ्याचं एकच पालुपद. एकटी बाई, सुनसान रस्ता, लोक कसे असतात तुला ठाऊक नाही. सवड झाली की मी नेईन. आता गिरणीवाल्याला सवड कधी होणार? लोक जेवायचे थांबतील तेव्हा?

जेवताना गडी रंगात आला. पाहुणीच्या ताटात वाढत म्हणाला,

"पोरी, तुझं धाडस बघून छाती फुगली बघ. लोक उगीच घाबरवतात. रस्त्यावर माणसं देवासारखी असतात."

काकूच्या हातातला डाव पातेल्यावर जरा जोरातच आपटला. सून पाणी वाढत होती. पेला भरून वाहायला लागला, तरी वाढतच राहिली.

पुरुष माणसं बाहेर बाकावर गप्पा ठोकायला गेली, तशी काकू पाहुणीजवळ सरकली.

"एवढी फिरलीस. कुणी तोंडावर दार लावलं का गं?"

"एकदाही नाही, काकू. परक्यांनी पोटच्या पोरीसारखं केलं."

"आणि निघालीस तेव्हा? घरच्यांनी काय केलं?"

पोरगी ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"वडील बोलत नाहीत माझ्याशी. गंमत सांगू? आमच्या दारावरून दुसरी कुणी अशी चालली असती, तर तिला हाताला धरून आत आणली असती त्यांनी. जेवल्याशिवाय सोडली नसती."

काकूला गंमत वाटली नाही. बाहेरून नवऱ्याचा आवाज येत होता, आमची पाहुणी असं म्हणाली, आमची पाहुणी तसं म्हणाली. दुसऱ्याची लेक असली की जो तो देवमाणूस. काकूनं सुनेला बाजूला सारलं आणि भांडी स्वतः घासायला घेतली. अशी घासली, की पातेल्याचा तळ झिजला असेल.

सकाळी वारा पडला होता. दारात ही गर्दी. गिरणीवाला पाहुणीला पुढची वाट समजावत होता, तेवढ्यात काकूनं आतून गिरणीची सायकल बाहेर काढली. पिठाचा डबा काढून तिथं कापडी पिशवी बांधलेली. मागोमाग सून, पायात नवऱ्याचे जुने बूट.

"ही कुठं?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"आईकडं," काकू म्हणाली.

"पाहुणी तर उलट्या बाजूला चाललीय. ही एकटी?"

"एकटीच. इथं ती सून आहे. वेस ओलांडली की परकी होईल. मग तिलाही कुणीतरी पाणी विचारेल."

गिरणीवाल्याला चार माणसांत ओरडता येईना, गिळताही येईना.

"आणि पीठ?" एवढंच म्हणाला.

"तुम्ही पोचवा. पायी."

मास्तर आपल्या चपलांकडं बघत राहिले. दोघी निघाल्या, एक इकडं, एक तिकडं. सगळी आळी पाहुणीकडं बघून हात हलवत होती. एकटी काकू दुसरीकडं तोंड करून उभी होती.

तर माझं एवढंच मागणं. तुमच्या रस्त्यानं जुन्या सायकलवर एक बाई येईल. ना पिशव्या लटकवलेल्या, ना फोटो काढण्यासारखं काही. थांबली तर तिला पाणी द्या, घटकाभर सावलीत बसू द्या. कुणाची कोण, घरी विचारून आलीस का, असलं काही विचारू नका.